‘जेवून जा’ आणि दहाचं चेक-आउट : सोलापूरजवळच्या एका रिसॉर्टच्या फ्रंट डेस्कवरचा शनिवार

सोलापूरच्या आसपास रिसॉर्ट चालवायचं म्हणजे दोन हंगाम सांभाळायचे, एक लग्नांचा आणि एक देवाचा. अक्कलकोट इथून चाळीसेक किलोमीटर, तुळजापूर पंचेचाळीस, पंढरपूर सत्तरच्या थोडं पुढे. गाणगापूर कर्नाटकात, पण तिकडे निघालेली पुण्या-मुंबईची मंडळीही मुक्काम बऱ्याचदा सोलापुरात टाकतात. स्वामींचा प्रकटदिन आणि पुण्यतिथी चैत्रात, गुरुपौर्णिमा आषाढात, तुळजापूरचं नवरात्र आश्विनात, दत्तजयंती मार्गशीर्षात आणि संक्रांतीला खुद्द शहरात सिद्धेश्वरांची गड्ड्याची यात्रा. मार्गशीर्ष येईपर्यंत तुळशीचं लग्न झालेलं असतं, लॉन आणि कार्यालयं वऱ्हाडांनी भरलेली असतात, आणि धनुर्मास लागायच्या आत उरकून घ्यायची घाई निराळी. दत्तजयंती आणि लग्नाची गर्दी एकाच आठवड्यात येणं इथे ठरलेलंच आहे. तरी दर वर्षी कुठला ना कुठला रिसॉर्ट त्यात सापडतो, आणि सापडतो म्हणजे काउंटरमागे उभी असलेली एखादी पोरगी सापडते.

हे प्रकरण अशाच एका पोरीचं आहे. त्या दिवसानंतर तिथल्या कर्मचाऱ्यांशी बसून बोलण्यासाठी मला बोलावलं होतं. लॉगबुक, खोल्यांचा तक्ता, लग्नाचं फंक्शन शीट (समारंभाचं जेवण, वेळा आणि खोल्या लिहिलेला कागद), सगळं पाहायला मिळालं. रिसॉर्टचं नाव देत नाही. खोल्यांचे आकडे ओळख पटू नये इतपत बदलले आहेत, पण त्यांचं आपसातलं गणित तेच आहे. फ्रंट ऑफिस शिकणाऱ्या मुलांना आणि त्यांच्याहून जास्त रिसॉर्टच्या मालकांना हे वाचायला मिळावं, असं मला मनापासून वाटतं.

दिवस आणि खोल्या

रिसॉर्ट शहराबाहेर, ३६ खोल्यांचा. मोठं लॉन, एक हॉल, पोहण्याचा तलाव. शुक्रवारी रात्री लग्नाचा स्वागत समारंभ होता आणि गुरुवार दुपारपासून २४ खोल्या लग्नाकडे होत्या. एक खोली एसीच्या गळतीमुळे बंद. उरलेल्या ११ पैकी पाच शनिवारी सकाळी सुटणार होत्या, सहा पुढेही मुक्कामी. म्हणजे शनिवारी मोकळ्या होणार २९ खोल्या. शनिवारी दत्तजयंती. त्या दिवसाची बुकिंगं होती २८, बहुतेक मोबाइल ॲपवरून, आगाऊ पैसे भरलेली. चेक-आउट सकाळी दहा, चेक-इन दुपारी बारा.

कागदावर हे छान दिसतं. एक खोली हाताशी उरतेसुद्धा.

आता हाउसकीपिंगच्या बाजूने बघा. त्या दिवशी कामावर पाच जणी. सुटलेली खोली नीट करायला, म्हणजे चादरी-अभ्रे बदलणं, बाथरूम घासणं, लादी पुसणं, साबण-पाणी-चहाची पाकिटं लावणं, तीस-पस्तीस मिनिटं लागतात. लग्नाच्या खोलीला पाऊण तास धरावा लागतो, कारण फुलांच्या पाकळ्या, मेंदी, हळद, केसांतल्या पिना, अक्षता आणि रात्रीच्या फराळाचे कागद हे सगळं कानाकोपऱ्यात गेलेलं असतं. चोवीस खोल्या, प्रत्येकी पाऊण तास, म्हणजे अठरा तासांचं काम. पाच जणींत वाटलं तर साडेतीन तासांच्या वर. वऱ्हाड दहाच्या ठोक्याला शिस्तीत निघून गेलं असतं तरी शेवटची खोली तयार व्हायला दीड वाजून गेला असता.

बारा वाजताचं वचन त्या दिवशी पाळता येणारं नव्हतंच. ते महिन्यापूर्वी, जेव्हा शनिवारच्या सगळ्या खोल्या ॲपवर खुल्या सोडल्या तेव्हाच मोडलं होतं. नंतर रिसॉर्टमध्ये ‘वऱ्हाड उठलं नाही म्हणून घोळ झाला’ असं जे सांगितलं गेलं, ते मला मान्य नाही.

आठ ते दहा

सकाळपाळीची रिसेप्शनिस्ट आठला आली. वय चोविसच्या आसपास, शहराच्या पूर्व भागात वाढलेली, घरी तेलुगू, शाळेत मराठी, शेजारपाजारी कन्नड. वडील टॉवेलच्या कारखान्यात मागावर. हे पुढे कामाला आलं म्हणून सांगतोय.

रात्रपाळीवाल्याने लॉगबुकात लिहिलं होतं: लॉनवरचं संगीत दहाला बंद केलं (उघड्यावर त्यानंतर ध्वनिक्षेपक चालत नाही), मंडळी हॉलमध्ये दोनपर्यंत बसली होती, सोलरचं गरम पाणी संपत आलंय, २४ खोल्या दहाला सुटणार. एवढंच. त्यात एक गोष्ट नव्हती. लग्न ठरवताना सेल्सच्या माणसाने मुलीच्या मामांना तोंडी सांगितलं होतं, “शनिवारी घाई करू नका, दुपारी जेवून निवांत निघा.” जेवणाचा आकडा त्याने किचनला कळवला होता. डेस्कला कळवलं नव्हतं. फंक्शन शीटवर ‘शनिवार दुपार, साधं जेवण, १२० ताटं’ असं होतं आणि दोन ओळी खाली ‘चेक-आउट स. १०.००’ असं छापलेलं होतं. एकशेवीस माणसं दहाला खोल्या सोडून एक वाजेपर्यंत बसणार कुठे, हा प्रश्न तो कागद हातातून गेलेल्या कुणालाच पडला नाही.

तिला पडला. सव्वाआठला ती फंक्शन शीट वाचत होती आणि तिने किचनला फोन करून विचारलं, हे जेवण कुणासाठी आहे. उत्तर ऐकून तिने सेल्सच्या माणसाला फोन लावला. त्याची सुट्टी. उचलला नाही. मॅनेजरही अकराला येणार होते, त्यांचाही फोन लागेना. खोल्यांत फोन करून विचारावं तर तिथे दुसरीच अडचण. मामांनी गुरुवारी खोलीवार यादी दिली होती, पण वऱ्हाडात खोल्या कोण पाळतं? बायका एकीकडे, पत्ते खेळणारे एकीकडे, लहान मुलं जिथे झोपली तिथे. १०८ मध्ये फोन केला तर यादीत नसलेल्या कुणीतरी झोपेत उचलला आणि ठेवून दिला. चार खोल्यांनंतर तिने तो नाद सोडला. माझ्या मते बरोबर केलं. वऱ्हाडात चोवीस माणसांना विचारण्यात अर्थ नसतो, ज्याच्या शब्दावर वऱ्हाड उठतं त्या एकाला गाठायचं असतं.

पण ते गाठायच्या आधीच दहा वाजले आणि कुलपांनी आपलं काम केलं.

हे नव्या मुलांना समजावून सांगायला हवं. की-कार्ड बनवताना त्यात चेक-आउटची तारीख आणि वेळ भरलेली असते. ती वेळ उलटली की कार्ड दाराला लावलं तरी लाल दिवा लागतो. मंडळी नाश्त्याला खाली आली होती, उप्पीट आणि चुरमुऱ्यांचा सुशीला खात होती. सव्वादहाला वर गेली तर दारं बंद. आत अंगावरचे दागिने काढून ठेवलेल्या पर्सा, औषधं, एका खोलीत तर झोपलेलं तान्हं आणि त्याच्याजवळ ऐकू कमी येणारी पणजी. पाच मिनिटांत काउंटरपुढे वीसेक माणसं.

मामा

मुलीचे मामा अक्कलकोट तालुक्यातले, साठीचे, लग्नाचा सगळा भार त्यांच्यावर. ते काउंटरवर हात आपटून म्हणाले, “तुमच्याच माणसानं जेवून जा म्हणून सांगितलंय, आता दारं लावून घेता व्हय? आमचं सामान आत, लेकरू आत. हाकलून द्यायलाय का आम्हाला?”

या क्षणाला बहुतेक डेस्कवर जे होतं ते मी खूप ठिकाणी पाहिलंय. समोरचा फंक्शन शीट पुढे सरकवतो आणि दहा वाजताच्या ओळीवर बोट ठेवतो. कायद्याने कदाचित त्याचंच खरं असतं. पण दार बंद झालेल्या माणसाला कागद दाखवणं म्हणजे भांडण वाढवणं. तिने आधी सगळी दारं उघडणारं मास्टर कार्ड देऊन सुरक्षारक्षकाला तान्ह्याच्या खोलीकडे पाठवलं, आईला बरोबर घेऊन. मग मामांकडे वळून कन्नडमध्ये म्हणाली, “मामा, स्वल्प केळ्री.” थोडं ऐका.

मामा थांबले. तिने त्यांना काउंटरच्या बाजूच्या खोलीत बसवलं, पाणी दिलं आणि त्यांच्यासमोर सेल्सच्या माणसाला पुन्हा फोन केला. या वेळी उचलला. “हो, बोललो होतो मी. ॲडजस्ट कर ना तेवढं,” तो म्हणाला. तिने फोन ठेवला आणि मामांना सांगितलं, “तुमचं खरं आहे. तुम्हाला शब्द दिलेला आहे. मला माहीत नव्हतं.”

हे वाक्य महत्त्वाचं आहे. तिने संस्थेचं देणं लागतं ते कबूल केलं, आणि ज्याने घोळ घातला त्याला पाहुण्यासमोर शिव्याही घातल्या नाहीत. त्यानंतर तिने आपली अडचण मांडली. बारा वाजल्यापासून अठ्ठावीस कुटुंबं येणार आहेत, दत्तजयंतीला आलेली, स्वामींच्या दर्शनाला. सगळ्यांनी पैसे भरलेत. मामा अक्कलकोटचेच. यात्रेच्या दिवशी तिथली रांग कशी असते हे त्यांना सांगायची गरज नव्हती.

मग तिने मागितलं ते नेमकं होतं. जेवण ठरल्याप्रमाणे एक वाजता, लॉनवर, मांडवाखाली. सोळा खोल्या साडेअकरापर्यंत मोकळ्या करायच्या. सामान हॉलमागच्या नवरीच्या तयारीच्या खोलीत, कुलूप लावून, किल्ली मामांकडे आणि दाराशी त्यांचाच माणूस. आठ खोल्या दीडपर्यंत तुमच्या, जास्तीचे पैसे नाहीत. “कुठल्या आठ ठेवायच्या ते तुम्ही सांगा, मामा.”

मला या प्रकरणात सगळ्यात शिकण्यासारखं वाटतं ते हे शेवटचं वाक्य. आठ खोल्या तिने निवडल्या असत्या तर सोळा घरांची नाराजी तिच्यावर आली असती आणि प्रत्येकाने आपल्या म्हाताऱ्याचं दुखणं तिच्यापुढे मांडलं असतं. निवड मामांकडे दिल्यावर ती घरातली गोष्ट झाली. नवरीची खोली, दोन्हीकडच्या आज्या, लेकुरवाळ्या, एक पाहुणे नुकतंच ऑपरेशन झालेले. मामांनी तिथल्या तिथे आठ आकडे सांगितले, तिने ते फंक्शन शीटवर लिहिले, खाली वेळ घातली, मामांची सही घेतली, स्वतः केली. सोळा कार्डं साडेअकरापर्यंत आणि आठ दीडपर्यंत पुन्हा भरून दिली. मामा जिन्यात उभे राहून ओरडले ते कन्नडमध्ये, आणि ते ऐकून वऱ्हाड हललं. डेस्कने दहा वेळा फोन केले असते तरी हललं नसतं.

साडेअकराला सोळापैकी चौदा रिकाम्या होत्या. दोन पावणेबाराला झाल्या. सामानाला हाउसकीपिंगने हात लावला नाही, हेही नमूद करतो. ‘बॅगा बाहेर काढून ठेवा, येतील मग’ असं एका सुपरवायझरने सुचवलं होतं. लग्नघरच्या बॅगेत सोनं असतं. मालक हजर नसताना ती उचलणं म्हणजे उद्या चोरीची तक्रार अंगावर घेणं.

पहिल्या पाच खोल्या

इकडे पंढरपूरला जाणारी मंडळी पाच खोल्या सोडून नऊच्या आधीच गेली होती आणि त्या पाच साडेदहाला तयार झाल्या. दारात येणाऱ्यांची सुरुवातही तेव्हाच झाली. पहिले आले चार तरुण, हैदराबादहून रात्रभर गाडी चालवत. मग पुण्याचं एक कुटुंब, पहाटे निघालेलं, बरोबर पंचाहत्तरीच्या आजी, गुडघ्याने हैराण. मग आणखी, आणखी.

पाच खोल्या कुणाला द्यायच्या? तरुण म्हणाले, आम्ही पहिले आलो. त्यांचं म्हणणं ऐकायला रास्त वाटतं. पण नीट पाहिलं तर बारापर्यंत खोलीवर कुणाचाच हक्क नसतो. बाराच्या आधी दिलेली खोली ही डेस्कची मर्जी असते, आणि मर्जी गरज पाहून वापरावी. बारानंतर मात्र वचनाची वेळ सुरू होते, तिथे ‘गरज’ म्हणून एकाला मागे ठेवता येत नाही. हा फरक तिला कुणी शिकवला नव्हता, तरी ती त्याच रेषेवर चालली. तीन खोल्या तिने अशा लोकांना दिल्या ज्यांना आडवं व्हायची खरंच गरज होती: पुण्याच्या आजी, एक बाळंतीण, एक मधुमेही गृहस्थ ज्यांना इन्सुलिन घेऊन वेळेवर जेवायचं होतं. उरलेल्या दोन तिने कुणालाच दिल्या नाहीत.

त्या दोन खोल्यांत तिने अंघोळीची सोय केली, एक बायकांना, एक पुरुषांना.

दत्तजन्म सूर्यास्ताला होतो. त्या दिवशी अक्कलकोटला निघालेल्या माणसाला संध्याकाळच्या आत तिथे पोचायचं असतं, आणि वटवृक्ष मंदिरातली रांग तासन् तास चालते. खोलीत झोपायला त्याला रात्रीच यायचं असतं. दुपारी बाराला त्याला खरं तर हवं असतं गरम पाणी, कपडे बदलायला आडोसा, बॅगा ठेवायला सुरक्षित जागा आणि पोटात चार घास. तिने प्रत्येक कुटुंबाला हेच विचारलं: “दर्शनाला कधी निघणार? परत किती वाजता?” अठ्ठावीसपैकी सतरा कुटुंबं अशी निघाली की ज्यांना खोलीचा ताबा संध्याकाळी मिळाला तरी चालणार होतं, अंघोळ आत्ता झाली तर. त्यांच्या बॅगांना चिठ्ठ्या लावल्या, अर्धी चिठ्ठी त्यांच्याकडे. नोंदणीचे कागद आणि ओळखपत्रं बसल्या जागी घेऊन टाकली, म्हणजे रात्री दमून आल्यावर फक्त किल्ली हातात द्यायची. (आधार कार्डच हवं असा हट्ट काही डेस्कवर धरतात. वाहन परवाना, मतदार ओळखपत्र, पासपोर्ट यांतलं काहीही चालतं.) एका मावशीला त्या दोन खोल्यांवरच बसवलं, प्रत्येक अंघोळीनंतर बाथरूम पुसून कोरडं करायला. सोलरचं पाणी वऱ्हाडाने संपवलेलं, म्हणून गीझर असलेल्याच खोल्या निवडल्या होत्या.

पुण्याच्या आजींच्या मुलाने आल्या आल्या आवाज चढवला होता. त्यांनी तळमजल्याची खोली मागितली होती आणि मिळाली ती पहिल्या मजल्यावरची, कारण तळमजल्याची खोली वऱ्हाडाच्या आठांत होती. आजीच म्हणाल्या, “अरे, तिला ओरडून काय खोली खाली येणारे का? पोरी, मला नुसतं टेकायला दे.” दोन पोरांनी खुर्चीवरून त्यांना वर नेलं. दोन वाजता तळमजल्याची खोली झाल्यावर पुन्हा खाली आणलं. खोली बदलावी लागली म्हणून त्यांचं जेवण तिने रिसॉर्टच्या नावावर टाकलं.

हैदराबादच्या मुलांशी ती तेलुगूत बोलली. ती पटकन पटली असं नाही. तासभर धुसफुसत लॉनवर बसली, अंघोळ करून जेवली आणि गाणगापूरला निघून गेली. संध्याकाळी परत आली तेव्हा खोली तयार होती.

टॉवेल

एकच्या सुमाराला नवीनच संकट. हळदीचे टॉवेल. पांढऱ्या टॉवेलांवर हळद लागली की साबणाच्या पाण्यात ती आणखी तांबडी होते, कारण साबण अल्कलीयुक्त. डाग उन्हात वाळवून हळूहळू विरतात, त्याला दिवस लागतो, तास पुरत नाहीत. चोवीस खोल्यांमधले निम्म्याहून जास्त टॉवेल बाद. कपाटात राखीव होते ते आधी दिलेल्या तीन खोल्या आणि दोन अंघोळीच्या खोल्यांनी खाल्ले.

सोलापुरात टॉवेल कमी पडावेत हे कुणालाच पटणार नाही. तिने वडिलांना फोन केला आणि अक्कलकोट रोड एमआयडीसीतून तासाभरात साठ टॉवेल रिक्षातून आले. सुपरवायझर ते थेट खोल्यांत लावायला निघाला. तिने अडवलं. कोरा टेरी टॉवेल पाणी टिपत नाही, त्यावर कारखान्यातलं फिनिश असतं, अंगावरून नुसता घसरतो. एकदा गरम पाण्यातून काढून वाळवला की मग तो टॉवेल होतो. धुवायला आणि ड्रायरमध्ये सुकवायला आणखी दीड तास गेला. काही खोल्यांना त्यामुळे उशीर झाला, आणि त्याचा फटका पुढच्या कुटुंबाला बसला. तरीही तिचा निर्णय बरोबर होता असं मी म्हणेन. उशिराचं कारण पाहुण्याला समजावून सांगता येतं. दहा जणांनी रात्री ‘टॉवेल पाणीच पुसत नाही’ म्हणून फोन केला असता तर त्याला काही उत्तर नव्हतं.

अडीच वाजता आलेले

सगळं निभावलं नाही. अडीचला मुंबईहून एक जोडपं दोन मुलांसह आलं. बारा कधीच होऊन गेले होते, त्यांचा खोलीवर पूर्ण हक्क होता. चार खोल्या अजून टॉवेलांसाठी अडकलेल्या. मुलं रडत होती. तिने अंघोळीची खोली देऊ केली, जेवण देऊ केलं. त्यांनी नाकारलं आणि पैसे परत मागितले.

ॲपवर आगाऊ भरलेले पैसे रिसॉर्टच्या गल्ल्यात नसतात. बहुतेक वेळा ते ॲपकडे असतात आणि मुक्काम झाल्यावर कमिशन कापून रिसॉर्टला मिळतात. काउंटरवरची मुलगी ते परत करूच शकत नाही. ती फक्त ॲपला कळवू शकते की चूक आमची आहे, रद्द करण्याचा दंड लावू नका, पूर्ण रक्कम परत करा. तिने तसं कळवलं, पण पाहुण्याला समजावताना ‘पैसे ॲपकडे आहेत’ या वाक्याचा अर्थ ‘आमच्याकडे मागू नका’ असा पोचला. त्या गृहस्थाने कठोर अभिप्राय लिहिला आणि त्यात रिसेप्शनिस्टला उद्धट म्हटलं. मी त्या अभिप्रायाची बाजू घेणार नाही, पण ते कुटुंब चुकलं असंही म्हणणार नाही. अडीच तास उलटून गेल्यावर त्यांनी का समजून घ्यावं? अशा वेळी ॲपला पाठवलेला मजकूर पाहुण्याच्या फोनवरही तिथेच पाठवावा, म्हणजे ‘आम्ही तुमच्या बाजूने लिहिलंय’ हे त्याला डोळ्यांनी दिसतं. तिथे तेवढं सुचायला तिच्याजवळ कुणी दुसरं माणूस असायला हवं होतं. दुपारी तीनपर्यंत ती काउंटरवर एकटी होती. मॅनेजर अकराला आले ते थेट लॉनवर मामांच्या जेवणाकडे गेले.

चौदा हजारांचा वाद

संध्याकाळी मॅनेजरनी विचारलं, आठ खोल्यांचा अर्ध्या दिवसाचा आकार का माफ केला? भाडं ३,५०० रुपये, अर्धा दिवस १,७५०, आठ खोल्यांचे १४,०००. जीएसटी वेगळा, तेव्हा ७,५०० पर्यंतच्या खोलीला तो १२ टक्के होता. (२२ सप्टेंबर २०२५ पासून ५ टक्के झाला.) लॉगबुकात त्यांनी शेरा मारला: ‘परवानगीशिवाय सवलत.’

नियमाने शेरा बरोबर होता. रिसेप्शनिस्टला एक रुपयाही सोडायचा अधिकार तिथे नव्हता. पण हे पैसे मिळणार होते कुठून? ‘जेवून जा’ असं सांगून झालं होतं. त्या शब्दावर जादा आकार लावला असता तर मामांनी लग्नाच्या उरलेल्या बिलातून तो कापला असता, आणि भांडणात तास गेला असता. त्या एका तासावर सोळा खोल्या अवलंबून होत्या. दत्तजयंतीच्या शनिवारी चार कुटुंबांना जरी दुसरीकडे हलवावं लागलं असतं तरी आधी खोली शोधायची, मग चढ्या भाड्याचा फरक, गाडीचं भाडं आणि ॲपकडचा दंड भरायचा, तेही ऐनवेळी. माझ्या हिशोबाने तिने चौदा हजार घालवले नाहीत. सेल्सने महिन्यापूर्वीच देऊन टाकलेले चौदा हजार तिने कागदावर आणले, इतकंच.

आणि तिने दोनदा फोन केला होता, सव्वाआठला आणि दहाला दहा कमी असताना. लॉगबुकात वेळेसकट आहे. वरिष्ठ फोन उचलत नाहीत आणि नियम म्हणतो विचारल्याशिवाय काही करू नकोस, अशा जागी माणसाला उभं करणं अन्यायाचं आहे. हे मी त्या बैठकीतही बोललो आणि इथेही लिहितो.

पुढे काय झालं

मालकांनी काही गोष्टी मनावर घेतल्या. फंक्शन शीटवर आता ‘तोंडी दिलेले शब्द’ असा रकाना आहे आणि सेल्सच्या माणसाने तो भरून डेस्कची सही घेतल्याशिवाय आगाऊ रक्कम जमा होत नाही. लग्न असलेल्या रात्रीच्या दुसऱ्या दिवशी ॲपवर एकतृतीयांश खोल्या बंद ठेवल्या जातात, आणि अशा दिवशी चेक-इन तीनचं दाखवलं जातं. प्रकटदिन, गुरुपौर्णिमा, नवरात्र, दत्तजयंती, गड्डा या तिथ्या वर्षाच्या सुरुवातीलाच पंचांग घेऊन तक्त्यावर लाल केल्या जातात. हळदीसाठी गडद रंगाचे वेगळे टॉवेल वधूपक्षाला आधीच देतात. वऱ्हाडाची कार्डं भरताना वेळ दुपारपर्यंतची टाकतात. दार बंद करून माणसं उठवायची नाहीत, हे तिथे आता लेखी आहे.

तिच्यावरचा शेरा काढला नाही, पण त्याखाली मालकांनी स्वतःच्या हाताने ‘निर्णय योग्य’ असं लिहिलं. सकाळ आणि दुपारपाळीच्या डेस्कला प्रत्येक पाळीत पाच हजारांपर्यंत सवलत किंवा भरपाई द्यायचा अधिकार मिळाला, नंतर कारण लिहून द्यायच्या अटीवर. त्या शनिवारची रक्कम यात बसली नसती, हे मी मालकांना सांगितलं. ते म्हणाले, आधी पाच बघू.

रात्रपाळीला मात्र हा अधिकार दिलेला नाही. अक्कलकोटची शेजारती करून साडेअकरा-बाराला दारात येणारं कुटुंब, खोलीत गरम पाणी नाही, एसी बंद, म्हणून काउंटरवर येतं तेव्हा तिथला मुलगा अजूनही मॅनेजरला फोन लावतो. येत्या दत्तजयंतीच्या आत एवढं बदलावं, असं पत्र मी त्यांना दिलं आहे.